परराज्यातली गाडी महाराष्ट्रात आणताना: एनओसीपासून नव्या नंबरप्लेटपर्यंत

केए, टीएस, जीजे किंवा डीएल पासिंगची गाडी घेऊन महाराष्ट्रात राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तीन वेगवेगळे सल्ले मिळतात. सोसायटीतले काका म्हणतात, "महिन्याभरात नंबर बदला, नाहीतर गाडी उचलून नेतील." ऑफिसातला सहकारी म्हणतो, "मी इतकी वर्षं तसाच फिरतोय, कोणी विचारत नाही." आरटीओच्या फाटकाबाहेरचा एजंट म्हणतो, "कागद द्या, बाकी माझ्यावर सोडा." यातला एकही सल्ला पूर्ण बरोबर नाही. बंगळुरूची गाडी पुण्यात आणून तिच्यावर एमएच नंबर लागेपर्यंतची सगळी कामं मी एजंटशिवाय केली आहेत. ती अवघड नाहीत, पण त्यांना एक क्रम आहे. क्रम चुकला तर एका सहीसाठी परत जुन्या शहरात जावं लागतं. म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहितो.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडीची नोंदणी आणि गाडीवरचा कर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नोंदणी केंद्राच्या मोटार वाहन कायदा १९८८ खाली होते. त्याच्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते, त्यामुळे केए नंबरची गाडी पुण्यात चालवणं हा गुन्हा नाही. वाहनावरचा कर मात्र राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्र तो १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतो. तुम्ही कर्नाटकात एकरकमी भरलेला आजीवन कर कर्नाटकाच्या तिजोरीत गेला. गाडी महाराष्ट्रात राहायला आली की महाराष्ट्र आपला कर मागणार आणि कर्नाटकाने उरलेल्या काळाचा कर तुम्हाला परत करायचा, अशी ही रचना आहे. नंबर बदलण्यामागचं मोठं कारण हा कर आहे, आणि खर्चही मुख्यतः त्याचाच असतो.

१. आधी ठरवा: तुम्ही पाहुणे की रहिवासी?

कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. ही मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत नमुना २७ मध्ये अर्ज करायचा असतो. महिन्याभराची धमकी खरी नाही आणि वर्षानुवर्षं तसंच फिरण्याची सूटही खरी नाही. याशिवाय कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात आणि त्यातून "महिन्याभरात नंबर बदला" ही अफवा फिरते.

तुमची परिस्थिती यातली कुठली ते पाहा.

फिरायला आलात, नातेवाइकांकडे दोन-तीन महिने राहिलात किंवा सहा-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलात, तर नंबर बदलायची गरज नाही. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि लायसन्स चालू स्थितीत ठेवा. महाराष्ट्रात नेमके कधी आलात हे दाखवता येईल असा कागद मात्र हवा. त्याबद्दल पुढच्या पायरीत लिहिलं आहे.

कायमचे राहायला आलात, घर घेतलं किंवा मुलांना इथल्या शाळेत घातलं, तर बारा महिने थांबण्यात फायदा नाही. जुन्या राज्याकडून मिळणारा कराचा परतावा गाडीच्या वयाप्रमाणे घटत जातो. शिवाय नव्या राज्यात पाय रोवल्यानंतर जुन्या आरटीओची कामं करणं फार जड जातं.

सीमेवरच्या लोकांचा प्रश्न वेगळा आहे. चंदगडला राहून बेळगावला नोकरी करणारे किंवा बांदा-सावंतवाडीकडून रोज गोव्यात जाणारे बरेच आहेत. कायद्याची कसोटी अशी की मालकाचं राहतं घर किंवा व्यवसायाची जागा जिथे आहे आणि गाडी सामान्यपणे जिथे ठेवली जाते, तिथे तिची नोंदणी हवी. रात्री गाडी चंदगडच्या अंगणात उभी राहत असेल आणि तुमचं आधार, मतदार ओळखपत्र, लाइट बिल सगळं तिथलंच असेल, तर कर वाचवण्यासाठी पलीकडच्या ओळखीच्याच्या पत्त्यावर केए किंवा जीए नंबर घेऊ नका. खोट्या पत्त्यावरच्या नोंदणीत पुढे कर आणि दंड तर भरावा लागतोच, पण अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही तो पत्ता आडवा येऊ शकतो.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हललात, म्हणजे कोल्हापूरची एमएच-०९ गाडी नाशिकला नेली, तर नंबर बदलत नाही. नमुना ३३ भरून आरसीवरचा पत्ता बदलून घ्या, एवढंच. ड्रायव्हिंग लायसन्स तर देशात कुठलंही चालतं. ते बदलावंच लागतं असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

बीएच सिरीजचा पर्याय

तुमची दर काही वर्षांनी राज्याबाहेर बदली होत असेल तर इथेच थांबून बीएच सिरीजचा, म्हणजे कुठल्याही राज्यात न बदलता चालणाऱ्या 'भारत' नंबरचा विचार करा. १५ सप्टेंबर २०२१ पासून ही सोय सुरू झाली. सैन्यदलातले, केंद्र किंवा राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते. खासगी कंपनीवाल्यांना कंपनीकडून नमुना ६० भरून घ्यावा लागतो. आजीवन कर एकदम भरण्याऐवजी दोन-दोन वर्षांच्या टप्प्याने भरायचा असतो. दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, १० ते २० लाखांना १० टक्के आणि त्यावर १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.

सुरुवातीला ही सोय फक्त नव्या गाड्यांना होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि आधीच साध्या नंबरवर असलेली गाडीही बीएचमध्ये नेता येऊ लागली. ही गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही. पण एक सावधगिरी: दोन वर्षांनी कर भरायची तारीख फोनवर आणि कॅलेंडरवर दोन्हीकडे टाकून ठेवा. उशीर झाला की दिवसाला शंभर रुपयांचा दंड चढायला लागतो. एकाच शहरात पंधरा वर्षं राहणार असाल तर मात्र साधा एमएच नंबर बरा. दर दोन वर्षांची आठवण मागे लागत नाही.

२. आल्याची तारीख दाखवणारे कागद जमवा

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि रस्त्यावर अडवल्यावर वाद नेमका इथेच होतो. आरटीओचं वायुवेग पथक किंवा वाहतूक पोलीस परराज्यातली गाडी थांबवून विचारतात, "किती दिवसांपासून इथे आहे?" तुम्ही म्हणता चार महिने, ते म्हणतात दोन वर्षं. गाडीच्या अंगावर तारीख लिहिलेली नसते, म्हणून कागद लागतो.

चालवत आणली असेल तर त्या प्रवासाचं फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. बंगळुरूहून पुण्याला येताना वाटेत इतके टोलनाके लागतात की एका पानावर सगळा प्रवास तारीख-वेळेसह उमटतो. पॅकर्सच्या ट्रकमधून आणली असेल तर बिल्टी, रेल्वेने दुचाकी पाठवली असेल तर पार्सलची पावती. त्यासोबत बदलीचा आदेश किंवा नोकरीचं नियुक्तिपत्र आणि नोंदणीकृत भाडेकरार. या सगळ्याची एक प्रत गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आणि एक फोनमध्ये असू द्या.

अडवलं तर शांतपणे हे कागद दाखवा. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवलेलं चालतं, हेही नम्रपणे सांगा. दंड भरायची वेळ आली तर ई-चलनच घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

३. जुनं शहर सोडण्याआधी गाडीचा जुना हिशेब मिटवा

या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. तिथे असताना अर्ध्या दिवसात होणारं काम इथून करायला आठवडे लागतात. सामान बांधायला घ्यायच्या आधी पुढची कामं उरका.

मोबाइल नंबर: वाहन पोर्टल म्हणजे परिवहनचं गाड्यांच्या नोंदणीचं संकेतस्थळ; त्यावरचं प्रत्येक काम ओटीपीवर चालतं. पुष्कळ गाड्यांवर शोरूमवाल्याने घाईत स्वतःचा किंवा कुठलातरी नंबर टाकलेला असतो. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक देऊन पोर्टलवर आपला मोबाइल नंबर नोंदवून घ्या. सगळ्यात आधी हे करा, कारण बाकीची कामं यावाचून सुरूच होत नाहीत.

थकलेली चलनं: परिवहनच्या ई-चलन पानावर गाडीचा नंबर टाकून पाहा, पण तेवढ्यावर भागत नाही. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांचं आणि तेलंगणाच्या पोलिसांचं चलन पाहण्याचं संकेतस्थळ वेगळं आहे. सिग्नल तोडल्याचं किंवा नो-पार्किंगचं जुनं चलन एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, अडवू शकतं. सगळी भरून पावत्या ठेवा.

कर्ज: आरसीवर बँकेचं नाव असेल, म्हणजे गाडीवर एचपी (कर्जापोटी गाडी तारण असल्याची नोंद) असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय एनओसी मिळत नाही. कर्ज फिटलेलं असेल तर नुसतं फिटून भागत नाही. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरून एचपी कमी करून घ्यावी लागते. कर्ज चालू असेल तर बँकेकडून "गाडी अमुक राज्यात नेण्यास आमची हरकत नाही" असं पत्र घ्या, आणि त्यात नव्या आरटीओचं नाव बरोबर लिहिलंय का ते तिथेच तपासा. बँकांना या पत्राला वेळ लागतो, तेव्हा बदलीची कुणकुण लागताच अर्ज टाका.

गाडीतले बदल: बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, रंग बदलला असेल किंवा इंजिन बदललं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. नोंद नसेल तर जुन्या आरटीओतच करून घ्या. पुण्याच्या निरीक्षकासमोर आरसीवर पेट्रोल आणि गाडीत सिलिंडर असं निघालं तर फाईल तिथेच थांबते.

जुन्या गाड्या: वाहन पोर्टल येण्याआधीच्या काही गाड्यांची माहिती ऑनलाइन पूर्ण चढलेली नसते. पोर्टलवर गाडी दिसत नसेल किंवा चेसिस क्रमांक अर्धवट दिसत असेल तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे काम फक्त तिथेच होतं.

आणि गाडीचं मूळ बिल शोधा. नव्या राज्याचा कर काढताना गाडीची मूळ किंमत लागते. बिल हरवलं असेल तर शोरूमकडून शिक्का मारलेली प्रत घ्या.

४. एनओसी घ्या, आणि ती योग्य आरटीओच्या नावाने घ्या

ना हरकत प्रमाणपत्र कलम ४८ खाली मिळतं. त्याचा अर्ज नमुना २८. वाहन पोर्टलवर राज्य आणि आरटीओ निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका, ओटीपी द्या, शुल्क भरा आणि अर्ज छापून घ्या. नमुना २८ तीन प्रतींत लागतो. त्यावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट चिकटवायचा असतो. क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की तो उमटतो. चेसिस क्रमांक नेमका कुठे कोरलाय हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जुन्या गाडीवर तिथे गंज असेल तर आधी हलक्या हाताने साफ करून घ्या.

इथली मोठी चूक म्हणजे चुकीचा आरटीओ लिहिणं. नुसतं "पुणे" लिहून चालत नाही. वाकड किंवा निगडीला राहणार असाल तर तुमचा आरटीओ पिंपरी-चिंचवडचा, एमएच-१४. कोथरूडला असाल तर पुण्याचा, एमएच-१२. मुंबईत ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. ठाणे ०४, नवी मुंबई ४३, कल्याण ०५. नागपूर शहरातही ३१ आणि ४९ असे दोन आहेत. घर अजून ठरलं नसेल तर एनओसी काढायची घाई करू नका. भाडेकरार झाल्यावर त्या पत्त्याचा आरटीओ कुठला ते पाहून मगच अर्ज करा. चुकीच्या आरटीओची एनओसी दुरुस्त करून घेणं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

एनओसी देण्याआधी तिथलं कार्यालय गाडी चोरीची नाही ना याचा पोलिसांकडून अहवाल घेतं आणि सगळा कर भरलाय का ते पाहतं. कायद्याने ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाकारायची असते. त्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर ती दिली असं मानलं जातं. प्रत्यक्षात नव्या आरटीओत पोर्टलवर एनओसी दिसल्याशिवाय काम पुढे सरकणं कठीण असतं, पण अर्जाची पोच हातात असेल तर तुम्हाला ठामपणे बोलता येतं. ती पोच टाकून देऊ नका.

आणखी एक गोष्ट. एनओसी निघाली की जुन्या राज्यात त्या गाडीचे बाकीचे व्यवहार थांबतात. तिथे ती विकता येत नाही की पत्ता बदलता येत नाही. बदलीच रद्द झाली तर एनओसी रद्द करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी "इथे या गाडीची नोंदणी झालेली नाही" असा नव्या आरटीओचा दाखला मागतात. बदलीचा आदेश पक्का झाल्याशिवाय एनओसी काढू नका.

५. महाराष्ट्रातल्या अर्जासाठी लागणारे कागद

एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये याच क्रमाने लावा. मूळ कागद वेगळे, स्वतः सही केलेल्या प्रती वेगळ्या.

- नमुना २७, भरून आणि सही करून
- मूळ एनओसी आणि नमुना २८ची तुमची प्रत
- मूळ आरसी
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- महाराष्ट्रातल्या पत्त्याचा पुरावा: आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा आयुर्विमा पॉलिसी. भाड्याचं घर असेल तर सोबत नोंदणीकृत भाडेकरार
- पॅन कार्ड
- गाडीचं मूळ बिल
- जुन्या राज्यात भरलेल्या कराची पावती
- चेसिस आणि इंजिनचे पेन्सिल प्रिंट
- कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र. नव्या आरसीवर एचपी चढवायला नमुना ३४
- फोटो, आणि पायरी २ मधले प्रवेशाच्या तारखेचे कागद

आधारवरचा पत्ता आधी बदलून घेतला तर निम्मी कटकट वाचते. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षर-न-अक्षर जुळतंय का तेही पाहा. कर्नाटकातल्या आणि आंध्र-तेलंगणातल्या आरसींवर पुष्कळदा आडनावाऐवजी अद्याक्षर असतं, आणि तिथून येणाऱ्यांचं काम यावर बरेचदा अडतं. अशा वेळी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

६. अर्ज आणि कर

वाहन पोर्टलवर महाराष्ट्र निवडून परराज्यातून आलेल्या गाडीला नवा नोंदणी क्रमांक देण्याचा अर्ज भरा. नोंदणीचं सरकारी शुल्क फार नाही: दुचाकीला ३०० रुपये, खासगी मोटारीला ६०० रुपये, शिवाय स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे. विजेवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्क माफ आहे.

मोठी रक्कम कराची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या नव्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के, तेव्हा ऑफिसच्या लीजवरची गाडी स्वतःसोबत आणायच्या आधी हिशेब नक्की करा. जुनी गाडी आणताना हा पूर्ण कर पडत नाही. गाडीचं वय जसं वाढतं तसा कराचा हिस्सा कमी होतो. नेमका आकडा आरटीओत किंवा पोर्टलवर कळतो. कर ऑनलाइनच भरा. "रोख द्या, कमी करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे दिले आणि कर भरलाच गेला नाही, तर थकबाकी गाडीवरच राहते.

पैशांची तजवीज आधीच ठेवा. इथला कर आधी भरायचा असतो आणि तिथला परतावा नंतर, तोही सावकाश येतो. मधल्या काळात दोन्ही राज्यांचा कर तुमच्याच खिशातून गेलेला असतो.

हा आकडा पाहून मगच ठरवा की गाडी आणायची का. दहा-बारा वर्षांची छोटी हॅचबॅक असेल तर कर, वाहतूक आणि धावपळ धरून ती जुन्या शहरातच विकणं आणि इथे एमएच पासिंगची घेणं परवडू शकतं. गाडी पंधराला टेकली असेल तर नक्कीच. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्याचं मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आहे, आणि वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर.

७. गाडी दाखवणे

अर्ज आणि कर झाला की गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यायची. बऱ्याच शहरांत कार्यालय एकीकडे आणि तपासणीचं मैदान दुसरीकडे असतं, म्हणून अपॉइंटमेंटच्या पावतीवरची जागा नीट वाचा. सकाळी लवकर जा. गाडी धुऊन न्या आणि बॉनेट उघडून चेसिस क्रमांक सहज दिसेल असं ठेवा.

निरीक्षक क्रमांक जुळवून पाहतो, दिवे आणि टायर पाहतो. काचांवरची काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी बंपर गार्ड आदल्या दिवशीच काढून टाका, दोन्ही बेकायदेशीर आहेत. गाडी मालकाने स्वतः न्यावी हे उत्तम. प्रश्न विचारला गेला तर उत्तर तुम्हालाच माहीत असतं.

नवा नंबर आपोआप मिळतो. पसंतीचा हवा असेल तर त्याचा अर्ज आणि शुल्क वेगळं आहे, आणि ते नंबर पडण्याआधी करायचं.

जुनी गाडी परराज्यातून विकत घेतली असेल तर

तेव्हा वरच्या सगळ्यासोबत मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३० लागतात, विकणाऱ्याच्या सहीने. एनओसी विकणाऱ्याने तुमच्या आरटीओच्या नावाने काढून द्यायची. पूर्ण पैसे एनओसी पोर्टलवर दिसेपर्यंत देऊ नका, मग गाडी कितीही स्वस्त असो. दिल्लीहून येणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. अशी गाडी घेण्याआधी इथल्या आरटीओत आरसीची प्रत दाखवून विचारा की हिची इथे नोंदणी होईल का. होकार मिळाला तरच बयाणा द्या.

८. नवा नंबर मिळाल्यावर

नंबर मिळाला म्हणजे काम संपलं असं वाटतं, आणि पुढची कामं राहून जातात. ती त्याच आठवड्यात करा.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट नव्याने घ्यावी लागते, कारण जुन्या प्लेटवर जुना नंबर ठोकलेला असतो. परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच त्या पानावर जा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं पैसे घेऊन गायब होतात. रस्त्याकडेच्या दुकानातून तशी दिसणारी प्लेट करून घेऊ नका. तिच्यावरचा लेझर क्रमांक कुठल्याच नोंदीत नसतो. काचेवरचा रंगीत स्टिकरही नवीन घ्या.

विमा कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर नंबर आणि पत्ता बदलून घ्या. शहर बदलल्याने हप्त्यात थोडा फरक पडू शकतो. नो क्लेम बोनस तसाच राहतो, तो गेला असं कोणी सांगितलं तर लेखी कारण मागा. फास्टॅग दिलेल्या बँकेकडे नवी आरसी देऊन टॅगवरचा नंबर बदला, नाहीतर टोलनाक्यावर प्लेट एक आणि टॅग दुसरा सांगतो. पीयूसी नव्या नंबरवर पुन्हा काढा. डिजिलॉकरमधली जुनी आरसी काढून नवी आणा.

९. जुन्या राज्याकडून कर परत मागा

एजंटने केलेल्या कामात ही पायरी बरेचदा गळलेली असते, कारण त्याचं काम नंबरपर्यंत संपतं. पैसे मात्र तुमचे आहेत आणि बहुतेकदा रक्कम सोडण्याजोगी नसते.

नवी एमएच आरसी मिळाल्यावर जुन्या आरटीओकडे परताव्याचा अर्ज करा. सोबत नव्या आरसीची प्रत, एनओसीची प्रत, मूळ कराची पावती, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. नव्या आरसीशिवाय हा अर्ज कोणी घेत नाही, म्हणून याचा नंबर शेवटी. महाराष्ट्र सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू: बंगळुरूला केए नंबर मिळाला की इथल्या आरटीओकडे उरलेल्या काळाचा कर मागायचा.

अर्ज शक्यतो स्वतः जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. जाणं शक्य नसेल तर तिथल्या विश्वासाच्या मित्राला अधिकारपत्र द्या. स्पीड पोस्टने पाठवलात तर पोस्टाची पोच जपा. दोन-तीन महिन्यांनी आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर त्या राज्याच्या परिवहन आयुक्तांच्या कार्यालयाला प्रत पाठवा, आणि तरीही हललं नाही तर माहिती अधिकारात फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. अर्जात दिलेलं बँक खातं परतावा जमा होईपर्यंत बंद करू नका. घर हलवलं की जुन्या शहरातलं पगाराचं खातं बंद करायची सवय असते, आणि मग मंजूर झालेली रक्कमही परत फिरते.